सड्यावरचे नऊ आकडे

माझ्या नवऱ्याने रंगवलेला चारच्या आकड्याचा चिरा मला दिरांच्या न्हाणीघराच्या दाराशी सापडला. वर गोणपाट टाकून त्याचं पायपुसणं केलं होतं. मी जाऊबाईंना आमसुलं द्यायला गेले होते. पायाला चिखल लागला म्हणून पुसायला गेले, तर गोणपाटाच्या कडेतून पांढऱ्या रंगाचं एक शिंग बाहेर आलेलं दिसलं. चारच्या आकड्याची शिंगं तो नेहमी जरा जास्तच लांब काढायचा. त्याचा चार मी कुठेही ओळखला असता. त्याला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मी आमसुलं दिली, चहा प्यायले, घरी आले आणि सूड घ्यायचं ठरवलं. या गोष्टीला नंतर पुष्कळांनी सभ्य शब्द सुचवले. मला तेव्हा हाच शब्द बरा वाटला आणि आजही वाटतो.

आमच्या वाडीच्या डोक्यावर सडा आहे. रत्नागिरीहून अर्ध्या तासाच्या वाटेवर, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेच्या कडेखाली आमची घरं. सडा दोघा भावांचा सामाईक. नुसता जांभा कातळ, त्यावर आंबा धरत नाही की भात पिकत नाही. पावसाळ्यात गवत नि रानफुलं येतात, दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि शिमग्यापर्यंत पायाला चटके बसायला लागतात. असल्या जमिनीवरून भावाभावांत भांडण होणं शक्य नाही असं माझे सासरे म्हणत. सासऱ्यांना गोल्फ माहीत नव्हता.

गोल्फ आणला भाऊजींनी. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, जन्मभर बोटीवर होते. गाव त्यांना कप्तान म्हणतं. ते कप्तान कधीच झाले नाहीत, चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. पण गावाने दिलेली बढती त्यांनी नाकारलीही नाही. परदेशातल्या बंदरात बोट लागली की ते खेळायला जायचे म्हणे. कायमचे घरी आले ते काठ्यांची लांबलचक पिशवी खांद्याला लावून. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. जाऊबाईंशी भांडण, दूध घालणाऱ्याशी भांडण, दुपारी झोप नाही, कुणी मोठ्याने हसलं तरी कपाळाला आठी. बोटीवर त्यांनी हाक मारली की चार जण धावत यायचे. इथे मांजरही वळून बघत नव्हतं.

माझा नवरा मोजणी खात्यात होता. त्याचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी दाखवण्यात गेला. कमी बोलणारा, हळू चालणारा माणूस. रोज संध्याकाळी तो भावाला घेऊन सड्यावर जायला लागला. मग एक दिवस फीत, खुंट्या आणि वही घेऊन एकटाच गेला, आणि महिनाभराने सड्यावर नऊ होल झाले. खड्ड्यांत प्लॅस्टिकच्या पाइपाचे तुकडे बसवले होते. चित्रात दिसते तशी हिरवळ आमच्याकडे कुठून येणार. होलाभोवती समुद्राची वाळू पसरून, तेलाचा हात देऊन ती बसवली होती. कड्याच्या बाजूला एक खिंड आहे, तिथे चेंडू समुद्रात जाऊ नयेत म्हणून मिरकरवाड्याच्या बंदरातून कोळ्यांचं टाकाऊ जाळं आणून बांधलं. आणि प्रत्येक होलाला सुरुवात जिथून करायची तिथे एक चिरा, त्यावर चुन्याने आकडा. एक ते नऊ.

मी तेव्हा या दोघांना हसायचे. दोन म्हातारे ऊन खात काठी फिरवतात, यात खेळ तो काय. मला कळत नव्हतं की खड्डे कुठे आहेत याला अर्धीच किंमत असते. कुठला आधी आणि कुठला नंतर, यावर डाव हलतो. नऊच होल, तीच वाळू, तेच जाळं. पण अवघड होलानंतर सोपा आला तर माणूस सावरतो. दोन अवघड लागोपाठ आले तर चिडका माणूस पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढतो आणि दोन्ही घालवतो. पहिलाच होल वाईट गेला तर उरलेले आठ तो पहिल्याची भरपाई करत बसतो. आणि आमच्याकडे तर वारा असतो. थंडीत सकाळी मतलई वाहते, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. दहाच्या पुढे ती पडते. थोडा वेळ पान हलत नाही, आणि मग खारा वारा समुद्राकडून आत येतो. म्हणजे क्रम असा लावता येतो की जाताना मतलई पाठीशी आणि येताना खारा वारा पाठीशी. नवऱ्याने तसाच लावला होता. आमच्या घराच्या वरून सुरुवात, समुद्राकडे जायचं, वळायचं आणि घराकडे परत यायचं.

तो गेल्यावर आठ महिन्यांत भाऊजींनी क्रम बदलला.

कारण सांगायला होतं. सड्याच्या समुद्राकडच्या बाजूला नवा रस्ता झाला होता. भाऊजींचे जुने बोटीवरचे दोस्त मुंबईहून गाड्या घेऊन यायचे. त्यांना गाडीतून उतरल्या उतरल्या खेळायला हवं, आणि पहिलाच फटका खिंडीवरून समुद्राच्या पार्श्वभूमीवर मारलेला फोटोत हवा. म्हणून नवऱ्याचा तीन नंबर भाऊजींनी एक केला. सोपे होल गोळा करून मध्ये घातले, अवघड सगळे शेवटी नेले, "थरार पाहिजे" म्हणून. चिरे उपटले, काही होलांची सुरुवात उलट टोकाला नेली. नवे सिमेंटचे ठोकळे आले, त्यांवर इंग्रजी आकडे. आणि रस्त्याच्या तोंडाशी पाटी लागली. तिच्यावर खाली रचनाकार म्हणून भाऊजींचं नाव होतं. माझ्या नवऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. ते न्हाणीघराबाहेर पाय पुसून घेत होतं.

मी भांडले नाही. भांडायला गेलं की भाऊजी इंग्रजीत शिरतात. मी नवऱ्याच्या काठ्या काढल्या. भाऊजींनी दिलेल्या जुन्या चारच काठ्या होत्या त्या. त्यातली सात नंबरची मला हाताला बसली. घरामागच्या आगरात, सुपारीच्या झाडांच्या रांगेत मी रोज सकाळी चेंडू मारायला लागले. शिकवायला कोणी नव्हतं, पण एक गोष्ट मला येत होती. लहानपणी आम्ही मे महिन्यात काजूच्या बियांनी खेळायचो. बिया रांगेत मांडायच्या, लांबून मोठी बी जमिनीलगत मारायची, जी उडेल तिच्या पलीकडच्या सगळ्या आपल्या. त्या खेळात आमच्या आळीतल्या मुलग्यांच्या खिशात मी बी ठेवली नव्हती. कातळावरून वस्तू कशी पळते, कुठल्या उंचवट्याला लागून कुठे वळते, हे माझ्या मनगटाला पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं. भाऊजी चेंडू आभाळात घालतात. तो वर जाताना इतका सुंदर दिसतो की खाली कुठे पडला हे बघायचं लोक विसरतात. माझा चेंडू गुडघ्याच्या वर जात नाही.

दोन वर्षं मी हेच केलं. जाऊबाईंना माहीत होतं. आगरातून टकटक ऐकू यायची. त्या एकदा मधल्या दगडी गडग्यावरून वाकून म्हणाल्या, "काय गो, सुपाऱ्या पाडतेस की कुणाचं डोकं फोडायचा सराव चाललाय?"

"दुसरं," मी म्हटलं.

"मग कर हो. माझ्यावर नको येऊस म्हणजे झालं."

गणपतीत सगळे जमले होते. आरती झाली, मोदक झाले, आणि भाऊजी पाहुण्यांना सड्याची गोष्ट सांगायला बसले. आपण जगातल्या कुठल्या कुठल्या मैदानांवर खेळलो आणि त्यातून आपल्याला ही रचना कशी सुचली. मी पानं वाढत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "क्रम तुमचा नाही, भाऊजी. तुमच्या दादांचा होता. तुम्ही तो बिघडवलात."

पाहुण्यांनी पानात बघितलं. भाऊजी हसले. "वहिनी, दादाने मोजणी चांगली केली. पण मोजणी वेगळी नि खेळ वेगळा. नऊ होलांचा क्रम म्हणजे मांडणीवरचे नऊ डबे नव्हेत."

"मग खेळून बघू."

"कोण, तुम्ही?"

"मी."

ते इतके हसले की जाऊबाईंनी त्यांना पाणी दिलं. पण सगळ्यांसमोर बोलणं झालं होतं, तेव्हा ठरलंही सगळ्यांसमोरच. मी जिंकले तर पाटी उतरेल आणि नवऱ्याचे आकडे त्याच्या क्रमाने परत लागतील. ते जिंकले तर हा विषय मी जन्मात काढणार नाही आणि चारही काठ्या पाहुण्यांसाठी त्यांच्याकडे जमा करीन. कमी फटक्यांत चेंडू आत घालेल त्याचा तो होल, आणि ज्याचे जास्त होल तो जिंकला. खेळायचं त्यांच्याच क्रमाने. मार्गशीर्षात, गवत कापून झाल्यावर. आणि मग भाऊजींनी मोठ्या मनाने त्यांची चूक केली. म्हणाले, "वेळ तुम्ही ठरवा वहिनी. तुमचं घरचं सगळं आवरून, सोयीने."

मी म्हटलं, "दूध, पूजा, स्वयंपाक आवरून निघायचं म्हणजे नऊ तरी होतील."

"नऊ तर नऊ."

दादा गेल्यापासून भाऊजी साडेसहाला खेळायला लागतात आणि साडेआठला घरी येऊन पोहे खातात. त्यांच्या क्रमाने शेवटचे चार होल समुद्राकडे तोंड करून आहेत. त्या वेळेला मतलई पाठीशी असते आणि पाहुण्यांसमोर त्यांचा चेंडू आभाळातून लांबच लांब जातो. तो आपण नव्हे, वारा लांब नेतो हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. नऊला सुरुवात केली की तेच चार होल अकराच्या सुमाराला येतात. जन्मभर समुद्रावर काढलेला माणूस, आणि आपल्याच सड्यावर वारा कधी फिरतो ते त्याच्या ध्यानात आलं नाही. मला त्या संध्याकाळी मोदक फार गोड लागले.

ठरलेल्या दिवशी जाऊबाई छत्री आणि कोकम सरबताची बाटली घेऊन मोजायला आल्या. आम्ही तिघंच होतो. मी सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, हातात एकच काठी. भाऊजींनी टोपी, हातमोजा, सगळा सरंजाम केला होता.

पहिला होल खिंडीचा. भाऊजींचा चेंडू खिंडीवरून पलीकडे वाळूच्या काठावर जाऊन बसला. माझा जमिनीलगत गेला तो सरळ मिरकरवाड्याच्या जाळ्यात. दुसराही त्यांनी घेतला. तिसरा बरोबरीत. चौथा मला मिळाला, कारण वाळूच्या आधी कातळाला जो उतार आहे तो मला पाठ होता. पाचवा पुन्हा त्यांचा. तीन आणि एक. जाऊबाईंनी मला सरबत दिलं. भाऊजी शीळ घालत होते. मला हातातल्या काठीकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात मतलई पडली. गवताची काडी हलेना. मानेवर घाम आला. आम्ही वळलो, समुद्राकडे तोंड केलं, आणि सहाव्यावर भाऊजी उभे राहिले तेव्हा त्यांच्या टोपीची कड अगदी थोडी मागे वाकली.

सहावा होल करवंदीच्या जाळीशेजारून आहे. त्यांचा चेंडू नेहमीसारखा वर गेला, वर जाऊन थांबला, आणि हात धरून कुणीतरी नेल्यासारखा जाळीत उतरला. त्यांनी एकदा आकाशाकडे आणि एकदा काठीकडे बघितलं. माझा खालून सरपटत गेला. वाऱ्याला तो सापडलाच नाही. तीन आणि दोन.

आता त्यांच्याच क्रमाची गंमत. सहावा अवघड आणि सातवाही अवघड, लागोपाठ, कारण थरार पाहिजे होता. मध्ये चालायला पाच पावलं. राग उतरायला पाच पावलं पुरत नाहीत. माझ्या दिरांचा स्वभाव घरात सगळ्यांना माहीत आहे. एक फटका चुकला की पुढचा दुप्पट जोरात.

सातवा राखणदाराचा. सड्याच्या मध्ये एक दगड आहे, चुना लावलेला. तो या जागेचा राखणदार. त्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे खुंटीसुद्धा ठोकत नाहीत. होल पाडायच्या आधी दोघा भावांनी त्याला नारळ दिला होता, गाऱ्हाणं घातलं होतं, आणि त्या दिवशीच एक नियम ठरला. राखणदाराला लागलेला चेंडू राखणदाराचा. तो उचलायचा नाही, तिथून खेळायचा नाही, होल गेला असं धरायचं. मुंबईच्या पाहुण्यांनी हा नियम ऐकून खूप हसून घेतलं होतं. जगात कुठे असा नियम नाही म्हणे. आमच्याकडे आहे.

भाऊजींनी दुप्पट जोरात मारला. समोरच्या खाऱ्या वाऱ्याने तो अडवून डावीकडे ढकलला आणि टक्क आवाज आला. चेंडू दगडाला लागून त्याच्या पायाशी बसला. पांढराशुभ्र, दोस्ताने परदेशातून आणलेल्या डब्यातला पहिला. भाऊजी चालत तिथवर गेले, वाकले, हात पुढे केला. जाऊबाई म्हणाल्या, "अहो." एवढंच. त्यांचा हात मागे आला. मग त्यांनी टोपी काढली, दगडाला नमस्कार केला आणि चेंडू तिथेच ठेवून आले. खरं सांगते, त्या नमस्काराच्या वेळेला मला आनंदाने हसू फुटलं, ते मी पदर नसल्यामुळे हातात लपवलं.

आठवा कसाबसा बरोबरीत सुटला. नववा, त्यांचा आवडता, पाटीच्या दिशेने. वारा सरळ तोंडावर. त्यांचे तीन फटके अर्ध्यातच बसले. मी काजूची बी मारावी तसा चेंडू मारत मारत वाळूपर्यंत पोचले. माझे चार, त्यांचे तीन. जाऊबाईंनी छत्री मिटली आणि भाऊजींना म्हणाल्या, "पाटी काढायला पकड लागेल. आणू का घरून?"

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनीच न्हाणीघराबाहेरचा चिरा काढून, घासून, माझ्या खळ्यात, मागच्या अंगणात आणून ठेवला. चारची शिंगं अजून होती.

बाकीचे आठ चिरे गडग्यात आणि आगरात मिळाले. क्रम मला तोंडपाठ होता, पण चिरा नेमका कुठे बसवायचा त्याची अंतरं हवी होती, म्हणून मंगळवारी मी लोखंडी कपाट उघडून नवऱ्याची मोजणीची वही काढली. शेवटच्या पानांवर सड्याचा नकाशा होता, आणि पुढच्या पानावर नऊ आकडे. प्रत्येकापुढे त्याच्या कचेरीतल्या अक्षरात एकेक ओळ.

"१. सरळ. धाकट्याला सुरुवात चांगली हवी."

"३. खिंड. धाकटा येथे चिडणार."

"४. सोपा. राग उतरावा म्हणून. मध्ये चालणे जास्त ठेवणे."

"६. जाळी. पुन्हा चिडेल. ७ सोपा ठेवणे."

"८. राखणदार. येथे दहानंतर यावे, वारा पाठीवर मिळेल. धाकट्याचा चेंडू उंच जातो, तोंडावर वारा नको."

मी कपाटाला टेकून बसले. दोन वर्षं मी ज्या क्रमासाठी दात-ओठ खाल्ले तो क्रम म्हणजे चिडक्या भावाला गोंजारायची नऊ ठिकाणं होती. माझ्या नवऱ्याने भावाचा राग मोजला होता, फीत लावून. तो कुठे चढेल, किती पावलांत उतरेल. आणि मी लढून, जिंकून, तो सगळा लाड भाऊजींच्या पदरात परत टाकणार होते.

शेवटची ओळ मी उगाच नंतर वाचायला ठेवली होती.

"९. येथून घर दिसते. हात केला की चहा."

तो हात मला माहीत होता. रोज अकराच्या पुढे मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात यायचे, तेव्हा वर सड्याच्या कडेला तो उभा असायचा आणि हात वर करायचा. मीही करायचे. कधी कधी हातात पळी असायची, ती तशीच वर करायचे. मग आत जाऊन आधण ठेवायचे, कारण आता ते दोघं उतरणारच. तो मला हात करतो असं मी धरून चालले होते. सहा वर्षं.

भाऊजींवर माझा राग तर होताच. त्या मंगळवारी नवऱ्याचाही आला. मेलेल्या माणसाचा राग येणं वाईट, कारण त्याला हरवता येत नाही. भावासाठी आठ ओळी आणि माझ्यासाठी चहा. मी खेळेन असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी ते पान फाडलं, घडी घातली आणि रविवारी कमीजच्या खिशात ठेवलं.

रविवारी नवऱ्याच्या क्रमाने पहिला खेळ. शब्द दिल्याप्रमाणे भाऊजींनी स्वतः नऊच्या नऊ चिरे जागेवर बसवले होते. पाटीच्या जागी दोन भोकं होती. ते आले तेच तोंड पाडून. जाऊबाई आल्या नाहीत, त्यांना आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पहिला सरळ. मतलई पाठीशी. भाऊजींचा चेंडू असा गेला की त्यांचं तोंड तिथेच निवळलं. तिसऱ्याला, खिंडीत, चेंडू जाळ्यात गेला आणि ते चिडले. मग चौथ्यापर्यंत लांब चालणं. मी मुद्दाम बघत होते. पन्नास पावलांवर त्यांचे खांदे खाली आले. सत्तरावर त्यांनी माझी विचारपूस केली, गुडघा कसा आहे म्हणून. चौथा त्यांनी दोन फटक्यांत संपवला. सहाव्याला जाळी, चिडले. सातव्याला निवळले. आठव्याला खारा वारा पाठीशी सुटलेला, आणि त्यांचा चेंडू राखणदाराच्या डोक्यावरून, हातभर अंतर ठेवून, नमस्कार करून गेल्यासारखा पलीकडे गेला. आठ होल झाले तेव्हा ते एकाने पुढे होते. इतका चांगला खेळ त्यांनी स्वतःच्या क्रमाने एकदाही केला नव्हता.

नऊच्या चिऱ्याशी उभे राहून त्यांनी हातमोजा ताणून बसवला. "बघितलंत ना वहिनी," ते म्हणाले. "क्रम कुठला का असेना. शेवटी हात आपला असतो."

मी खिशातून पान काढून दिलं.

त्यांनी चष्मा बदलला. अक्षर ओळखलं ते चेहऱ्यावर कळलं. ओठ हलवत वाचत गेले. चारवर थांबले.

"चार म्हणजे तो चिरा," ते म्हणाले.

"तोच. तुमच्या न्हाणीघराबाहेरचा."

पुढचं वाचून झाल्यावरही ते पानाकडेच बघत होते. "हे कधी मिळालं तुम्हाला?"

"मंगळवारी."

"आणि आज देताय."

"आज."

त्यांनी पान परत दिलं नाही, शर्टाच्या खिशात ठेवलं. मग खेळायला उभे राहिले. पहिला फटका जेमतेम चिऱ्यासमोर पडला. पाठीशी वारा असूनही. मग एक डावीकडे, एक उजवीकडे. वाळूवर पोचल्यावर होल हातभर अंतरावर होता आणि चेंडू चार वेळा ढकलूनही पडेना. मी चारही मोजले. थांबा म्हटलं नाही, राहू दे म्हटलं नाही. माझा चेंडू आत गेला तेव्हा बरोबरी झाली होती. मला जे करायचं होतं ते झालं होतं.

भाऊजी सड्याच्या कडेला गेले आणि पाठ करून उभे राहिले. खाली आमचं कौलारू घर, मागचं दार, त्यापुढचं खळं. मग त्यांचा उजवा हात सवयीने वर गेला. सहा वर्षं दादाशेजारी उभं राहून बघितलेला हात. दारात कोणी नव्हतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "चहा करणारी इथे आहे."

त्यांनी हात खाली घेतला.

"आज तुम्ही करा. किल्ली तुळशीच्या कोनाड्यात आहे. झाला की हात करा."

मला वाटलं इंग्रजीत शिरतील. ते काठ्या तिथेच टाकून पाखाडी उतरायला लागले. पायऱ्यांवर एकदा थांबले, वर न बघता विचारलं, "साखर कुठे असते?"

"शोधा," मी म्हटलं.

मी नऊच्या चिऱ्यावर बसून राहिले. वारा चांगला सुटला होता. फार वेळ गेला. खालून भांडी पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. शेवटी मागच्या दारात भाऊजी आले, वर बघितलं आणि हात केला. मला तो दिसलाच नाही असं मी दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा केला, तेव्हा उठले.